खुर्सीपार : नागरी नियोजन, पाणीपुरवठा व मलनिस्सारण

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील भिलाई शहराचा एक भाग. भारत-सोव्हिएत करारातून (१९५५) उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर भिलाईत दोन प्रकारची वाढ झाली : कारखान्याच्या आखीव सेक्टरांची आणि वसाहतीबाहेरील कामगारवस्त्यांची. खुर्सीपारमध्ये कारखान्याची निवासस्थाने व दाट वस्ती लगतच आहेत.

सेक्टरांतील नागरी सुविधा कारखान्याचा नगर प्रशासन विभाग सांभाळतो. कारखान्याला प्रामुख्याने तांदुला जलाशयप्रणालीचे पाणी मिळते आणि ते मरोदा तलावात साठवले जाते. उर्वरित शहराची जबाबदारी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या भिलाई नगरपालिक निगमाकडे असून त्याचा मुख्य जलस्रोत शिवनाथ नदी आहे.

७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, पाणीपुरवठा व स्वच्छता हे नगरपालिकांचे विषय ठरले. मलवाहिन्या असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हा केंद्रीय निकष आहे. त्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी बनते, असे धरले जाते. म्हणून नळजोडण्या वाढवताना मलवाहिन्या व शुद्धीकरणक्षमता यांचीही आखणी करावी लागते. अरुंद गल्ल्या आणि वाहिन्यांना लागणारा उतार यांमुळे जुन्या दाट वस्त्यांत हे काम कठीण व खर्चिक ठरते.