ऑटोमॅटिक घड्याळातला बग नेमका कुठे असतो?

आजचा एपिसोड सुरू होतो मामाच्या घड्याळापासून. जुनं स्विस ऑटोमॅटिक, आता माझ्याकडे आलंय. मध्यंतरी ते दिवसाला चार-चार मिनिटं मागे पडायला लागलं. मला वाटलं, आत काहीतरी तुटलं. दुरुस्तीवाल्या काकांनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "तुटलं काही नाही रे. तेल सुकलंय."

एवढं भारी मशीन आणि तेलाच्या थेंबावर अडतं? म्हणून शोधायला बसलो, तर मागे शंभर वर्षांची गोष्ट निघाली.

पहिल्या महायुद्धात सैनिकांमुळे मनगटी घड्याळं रुळली. पण खिशात सुरक्षित असलेलं घड्याळ आता उघड्यावर आलं होतं. इंग्लंडमधल्या बोल्टनचा जॉन हारवूड हा घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. त्याला दिसलं की धूळ आणि ओल आत शिरते ती किल्ली द्यायच्या गुंडीच्या भोकातून, म्हणजे क्राऊनमधून. रोज ती फिरवायची, ओढायची, त्यामुळे तिथली फट कधी नीट बंदच होत नाही.

यावर त्याचा उपाय एकदम डेव्हलपरसारखा होता: एंट्री पॉइंटच काढून टाका! पण मग किल्ली कशी द्यायची? आत एक वजन बसवलं. हात हलला की ते झुलतं आणि स्प्रिंग गुंडाळतं. काटे जुळवायला डायलभोवतीची कडा फिरवायची. आपोआप किल्ली बसणारी खिशातली घड्याळं अठराव्या शतकापासूनच होती, पण मनगटासाठी ही युक्ती हारवूडने जमवली. १९२३ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९२८ मध्ये घड्याळ बाजारात आलं.

म्हणजे बघा, ऑटोमॅटिक घड्याळ मुळात चैनीसाठी आलंच नाही, ते बिघाडावरचा इलाज म्हणून आलं.

पण एक बग गेला की दुसरा येतो, हे आपल्याला रोजचंच आहे. हारवूडचं वजन पूर्ण गोल फिरायचं नाही, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून परत यायचं. पूर्ण किल्ली बसली तरी घड्याळ १२ तासच चालायचं. साधारण ३०,००० घड्याळं बनली आणि १९३१ मध्ये, जागतिक मंदीत, त्याची कंपनी बुडाली. त्याच वर्षी रोलेक्सने ३६० अंशांत फिरणारा रोटर आणला, क्राऊनसुद्धा ठेवला, फक्त तो स्क्रूसारखा घट्ट बसणारा केला. पुढे रोटरच्या धुरीची झीज हा प्रश्न होता. १९४८ मध्ये एटर्नाने तिथे बारीक बॉल बेअरिंग घातलं.

उरलं ते तेल. घड्याळाची टिकटिक जिथून येते त्या एस्केपमेंटमध्ये चाकाचा दात छोट्या माणकावर घासत सरकतो. नेहमीच्या आधुनिक घड्याळात हे तासाला २८,८०० वेळा, म्हणजे दिवसाला जवळपास सात लाख वेळा होतं. तिथलं तेल घट्ट झालं की बॅलन्स व्हीलचा झोका कमी होतो आणि वेळ बिघडते. मामाच्या घड्याळाचं हेच झालं होतं.

या जागी हात घातला जॉर्ज डॅनियल्सने. हासुद्धा आधी दुरुस्तीवालाच. सत्तरच्या दशकात, क्वार्ट्झच्या लाटेत स्विस कारखाने बंद पडत असताना, त्याने को-अ‍ॅक्सिअल एस्केपमेंट बनवलं. यात घासत सरकण्याऐवजी जवळजवळ सरळ ढकला मिळतो, त्यामुळे तेलावरचा भार खूप कमी होतो. स्विस कंपन्यांना पटायला वर्षं गेली. शेवटी १९९९ मध्ये ओमेगाने ते विक्रीच्या घड्याळात आणलं. आणि तिथेही पॅच लागलाच! सुरुवातीची २८,८०० ठोक्यांची गती नंतर २५,२०० वर उतरवावी लागली.

मग आपण काय करायचं? शुक्रवारी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी बंद दिसलं तर घाबरू नका. बऱ्याच घड्याळांची स्प्रिंग ४० तासांच्या आसपासच पुरते. क्राऊन फिरवून किल्ली द्या, जोरजोरात हलवत बसू नका. अचानक पुढे पळायला लागलं, तर स्पीकर किंवा मोबाईल कव्हरच्या मॅग्नेटचा परिणाम असू शकतो, तो दुकानात लगेच उतरवता येतो. आणि हळूहळू मागे पडत असेल, तर तसंच रेटू नका. सुकलेल्या तेलावर घड्याळ चालतं खरं, पण आतल्या धुऱ्या झिजतात, आणि मग मात्र पार्ट बदलायचीच वेळ येते.

काकांनी सगळे भाग सुटे केले, धुतले, नवं तेल दिलं. पंधरा दिवसांनी घड्याळ परत मिळालं. आता ते दिवसाला आठ सेकंद पुढे जातं. मी म्हटलं, "अजून थोडं जुळवता येईल का?" काका म्हणाले, "येईल की. पण आधी महिनाभर हातात घाल, मग बघू."

घातलंय. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!