अनावश्यक स्वयंचलित चाचणी-फेऱ्यांचे व्यवस्थापन

अनेक प्रोग्रामरांनी केलेले बदल वारंवार एका सामायिक आज्ञावलीत मिसळणे आणि प्रत्येक बदलाची चाचणी आपोआप घेणे या कार्यपद्धतीस कंटिन्युअस इंटिग्रेशन किंवा निरंतर एकत्रीकरण म्हणतात. ज्या चाचणी-फेरीचे उत्तर आधीच हाती आलेले असते, किंवा ज्या उत्तराची कोणालाच गरज उरलेली नसते, ती फेरी अनावश्यक ठरते. अशा फेऱ्या ओळखून त्या टाळणे अथवा मध्येच थांबवणे, हा या व्यवस्थापनाचा विषय होय.

कारणे

चाचणी चालू असतानाच प्रोग्रामरने दुरुस्त आवृत्ती पाठवल्यास जुन्या आवृत्तीचा निकाल निरुपयोगी होतो. काही वेळा एकच बदल शाखेत पोहोचल्यावर आणि विलीनीकरणाची विनंती केल्यावर असा दोनदा तपासला जातो. केवळ माहितीपर मजकूर बदलला तरी संपूर्ण चाचणीसंच चालवला जातो. यात यंत्रांचा वेळ व वीज खर्च होते. शिवाय रांग वाढून आवश्यक निकालही उशिरा मिळतात.

पद्धती

- जुनी फेरी रद्द करणे : गिटहब ॲक्शन्समध्ये फेऱ्यांचे गट करून नवी फेरी येताच त्याच गटातील चालू फेरी थांबवता येते. जेनकिन्स व गिटलॅबमध्येही अशी सोय आहे.
- निवडक चाचण्या : कोणत्या फाइली बदलल्या हे पाहून केवळ संबंधित चाचण्या चालवल्या जातात.
- निकालांचा पुनर्वापर : गूगलने २०१५ मध्ये खुली केलेली बेझेल ही प्रणाली, चाचणीशी संबंधित काहीच बदलले नसल्यास साठवलेला निकाल वापरते.

मराठी विकिपीडियाच्या संदर्भात

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. मीडियाविकीतील बदलांचे परीक्षण गेरिट या प्रणालीत होते, तर चाचण्यांसाठी झूल आणि जेनकिन्स वापरले जातात. मूळ ओपनस्टॅक प्रकल्पासाठी तयार झालेली झूल ही प्रणाली, बदलाची नवी आवृत्ती येताच जुन्या आवृत्तीच्या चाचण्या सहसा रद्द करते.

मीडियाविकीतील कळा व सूचनांचे मराठी अनुवाद स्वयंसेवक ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर करतात. उदाहरणार्थ, धाराशिव येथील एखाद्या स्वयंसेवकाने एक सूचना सुधारली, तर इतर भाषांतील बदलांसह ती एका सांगकाम्यामार्फत मूळ आज्ञावलीकडे जाते. या सांगकाम्याच्या बदलांसाठी स्वतंत्र रांग ठेवलेली असल्याने प्रोग्रामरांचे काम त्यांच्यामागे अडकून पडत नाही.

मर्यादा

अनावश्यक भासणारी प्रत्येक फेरी खरोखर तशी असतेच असे नाही. अनुवादाच्या फाइलीत एक अवतरणचिन्ह राहून गेले तरी ती फाइल वाचता येत नाही. म्हणून मोठा चाचणीसंच वगळला तरी फाइलीच्या रचनेची छोटी तपासणी ठेवावी लागते. स्वतंत्रपणे निर्दोष ठरलेले दोन बदल एकत्र आल्यावर परस्परांशी विसंगत ठरू शकतात. त्यामुळे शाखेची चाचणी आणि विलीनीकरणानंतरच्या आज्ञावलीची चाचणी यांना सरसकट एकच मानता येत नाही. मुख्य शाखेवरील फेऱ्या रद्द केल्यास नेमका कोणता बदल सदोष होता हे शोधणे कठीण होते. सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवण्याचे काम अर्धवट थांबल्यास सेवाच बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून रद्द करण्याचा नियम सामान्यतः परीक्षणाधीन बदलांपुरताच मर्यादित ठेवला जातो.