केसलापूरच्या दरबारात, १९४४

पौष अमावास्या. इंग्रजी साल १९४४, पण इथल्या सरकारी कागदांवर १३५३ फसली असं लिहितात. तुम्ही आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरला, नागोबाच्या जत्रेत उभे आहात. मेसराम कुळाची माणसं अनवाणी चालून गोदावरीचं पाणी घेऊन आली आहेत. खिशातली इंग्रजी नाणी झाकून ठेवा, इथे निजामाचा हाली सिक्का चालतो. भाषेची काळजी नको. गोंडांना मराठी बरी येते, वाणी-सावकाराशी तिच्यातूनच देवघेव.

गर्दी एका बाजूला सरकते आहे, तो दरबार. जोडेघाटच्या डोंगरात १९४० साली गोंडांच्या बंडाचा पुढारी कुमराम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडला, तेव्हा कुठे निजाम सरकारला प्रश्न पडला की गोंड का उठले. ते शोधायला नेमलेल्या ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने १९४२ पासून जत्रेतच अधिकाऱ्यांना बसवून तक्रारी ऐकवायला सुरुवात केली. उत्तर मिळायला आधी माणसं मरावी लागली, हे विसरू नका.

तुमच्या शेजारचा म्हातारा पुढे होतो.

"साहेब, जंगलचा जवान आला की गाडी द्या म्हणते, बैलं द्या म्हणते. कोंबडी वरून. पेरणीच्या दिसात बी सोडत नाही."

"पैसे देतात?"

म्हातारा नुसता हसतो. मागची चार माणसंही हसतात.

ही वेठ. तुम्ही शहरातले असाल तर दोन-चार दिवस गाडी नेली, एवढंच ऐकू येईल. पण काळ्या रानात पहिल्या पावसानंतर वापसा येतो तो मोजक्या दिवसांचा. त्याच दिवसांत बैल साहेबांच्या तंबूचं सामान ओढत दुसऱ्या मुक्कामाला गेले, तर परत येईपर्यंत ओल उडालेली असते. मग जोंधळा उशिरा पडतो, कणसं हलकी भरतात, आणि चैतात सावकाराकडे जावं लागतं. पुढे कागदावर अंगठा, मग भागेला, म्हणजे कर्जापोटी बांधलेला गडी, म्हणून त्याच्याच शेतात राबणं. वेठीविरुद्ध फर्मानं निघाली होती. ती या डोंगरात पोचली नाहीत.

त्यात महायुद्ध. सरकार धान्याची लेव्ही घेतं, बाजाराहून कमी भावाने. बडे देशमुख पटवाऱ्याला हाताशी धरून सुटतात, आणि भार पडतो चार पोती पिकवणाऱ्यावर.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, म्हणून इथे उभं राहणं अवघड जातं. दोनच वर्षांनी नळगोंडा-वरंगलकडे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठतील. घोषणा याच दोन गोष्टींविरुद्धच्या, वेठ नको आणि लेव्ही नको. आणि हेही ठाऊक आहे की त्याच लाल झेंड्याखाली युक्रेनमध्ये १९३२-३३ साली घराघरांतून धान्य काढून नेलं गेलं आणि लाखो माणसं उपाशी मेली. चीनमध्ये १९५८ पासून शेतकऱ्यांना पोलादाच्या भट्ट्यांवर आणि धरणांवर जुंपलं जाईल, उभं पीक रानात राहील, आणि वसुली मात्र फुगवलेल्या आकड्यांप्रमाणे होईल. तिथले बळी कोटींत मोजावे लागतील. तेलंगणातल्या त्या पोरांना हे माहीत असतं तर त्यांनी बंदूक टाकली असती का? मला नाही वाटत. त्यांच्या अंगणातली लेव्ही खरी होती. पण वेठ आणि धान्यवसुली एकाच हातात आली की तो हात निजामाचा आहे की पक्षाचा, याने भाकरीला फरक पडत नाही, एवढं त्या म्हाताऱ्याने कुठल्याही पुस्तकाशिवाय सांगितलं असतं.

दरबार उठतो. म्हाताऱ्याची तक्रार कागदावर उतरते. मारलावाईत हायमेनडॉर्फने गोंड मुलांसाठी शाळा काढली आहे, तिथली गोंडी पुस्तकं देवनागरीत छापतात, म्हणजे तुम्हाला अक्षरं वाचता येतील, अर्थ लागणार नाही. पुढे काही जमिनींचे पट्टेही मिळाले. ते काम खरं होतं आणि अपुरंही.

केसलापूरहून इंद्रवेल्ली फार लांब नाही. तिथे २० एप्रिल १९८१ रोजी, स्वतंत्र भारतात, जमिनीचा हक्क मागायला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने १३ मृत्यू मान्य केले. गोंड हा आकडा आजही मान्य करत नाहीत.