सहीआधीचा प्रश्न

मागच्या मे महिन्यात ऑफिसमधल्या चौघांबरोबर केरीला फिरायला गेलो होतो. डब्लिनला येऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. वाटेत स्नीम नावाच्या छोट्याशा गावात चहाला थांबलो. सोबतचा आयरिश मित्र सहज बोलून गेला, "आमचे एक राष्ट्राध्यक्ष इथे पुरलेत. रागावून राजीनामा दिला होता त्यांनी." मी फोनवर नाव शोधलं आणि स्पेलिंग दिसलं तसं मोठ्याने वाचलं, 'सीअरभाल'. बिचारा हसून हसून लोळला. खरा उच्चार कॅरूल ओ दाली असा काहीसा आहे.

उच्चारात मी चुकलो, पण 'रागावून' या शब्दात तो चुकला, असं मला पुढे वाचत गेल्यावर वाटू लागलं.

ओ दाली १९११ मध्ये डब्लिनजवळच्या ब्रे गावात जन्मले. वडील मासेविक्रेते. मुलगा आयरिश भाषेत रमला, 'आयरिश प्रेस' या दैनिकाचा आयरिश भाषेचा संपादक झाला, मग वकील झाला. फिएना फॉल पक्षाकडून निवडणुकाही लढवून पाहिल्या आणि हरला. तरी १९४६ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, डी व्हॅलेरांनी त्यांना अ‍ॅटर्नी जनरल केलं. बेचाळिसाव्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश, १९६१ मध्ये सरन्यायाधीश. म्हणजे सरळसरळ पक्षाचा माणूस. आपल्याकडे अशी कारकीर्द वाचली की पुढचं आपण गृहीतच धरतो.

तसं झालं नाही. १९६५ मधलं क्विन नावाच्या माणसाचं प्रकरण घ्या. एका सदोष वॉरंटमधून न्यायालयाने त्याची सुटका केली होती. पोलिसांनी दुसरं वॉरंट तयारच ठेवलं होतं. बाहेर पडताच त्याला पुन्हा धरलं आणि वकील न्यायालयात दाद मागायच्या आत गाडीत घालून सरहद्दीपार नेलं, तिथून इंग्लंडला. पोलिसांकडे १८५१ च्या कायद्याचा आधार होता. ओ दालींच्या न्यायालयाने तो आधारच घटनाबाह्य ठरवला आणि संबंधित अधिकाऱ्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरलं. न्यायालयापर्यंत पोचू द्यायचंच नाही, अशी सोय करून नागरिकाचा हक्क बुडवता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. माझ्या मते पुढचं सगळं समजून घ्यायची किल्ली इथे आहे.

१९७३ मध्ये ते युरोपीय न्यायालयात लक्झेंबर्गला गेले. १९७४ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष चिल्डर्स अचानक वारले आणि सर्व पक्षांच्या संमतीने ओ दाली बिनविरोध राष्ट्राध्यक्ष झाले. सरकार मात्र विरुद्ध बाजूचं होतं, लिअम कॉस्ग्रेव्ह यांच्या आघाडीचं.

जुलै १९७६ मध्ये आयआरएने ब्रिटिश राजदूताची गाडी डब्लिनमध्ये सुरुंगाने उडवली. राजदूत आणि सोबतची एक तरुण अधिकारी ठार झाली. सरकारने संसदेत राष्ट्रीय आणीबाणीचा ठराव करून घेतला आणि संशयिताला सात दिवस डांबून ठेवता येईल असं विधेयक मंजूर केलं. लोकांचा संताप खरा होता, भीतीही खरी होती. अशा वेळी राष्ट्राध्यक्षांनी मुकाट्याने सही करावी अशीच अपेक्षा असते.

आयरिश राष्ट्राध्यक्षांना स्वतःच्या अखत्यारीत फार थोड्या गोष्टी करता येतात. त्यातली एक म्हणजे, काउन्सिल ऑफ स्टेटशी सल्लामसलत करून विधेयक घटनेत बसतं का हे सर्वोच्च न्यायालयाला विचारणं. ओ दालींनी ते विचारलं. आम्हा प्रोग्रामरना हे कळायला सोपं आहे: कोड रिव्ह्यूला पाठवणं म्हणजे तो नाकारणं नव्हे. १५ ऑक्टोबरला न्यायालयाने विधेयक वैध ठरवलं, आणि ओ दालींनी लगेच सही केली.

मग विचारून काय मिळालं? बरंच. निकालात न्यायालयाने नोंदवून ठेवलं की या कायद्याखाली पकडलेल्या माणसाचा वकिलाचा, डॉक्टरचा आणि न्यायालयात जाण्याचा हक्क संपत नाही. क्विनला जे मिळालं नव्हतं, नेमकं तेच.

इथे घरची आठवण येणं अटळ आहे. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या घटनेवरून आली, पण हा अधिकार आला नाही. आपले राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचं मत मागवतात ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच. त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये आपलं सर्वोच्च न्यायालय चार विरुद्ध एक मतांनी म्हणालं होतं की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. त्या चारांत पुण्याचे यशवंत चंद्रचूडही होते. विरोधात एकटे एच. आर. खन्ना.

डब्लिनला परत येऊ. ओ दालींची सही झाली त्याच दिवशी आयआरएच्या बॉम्बने एका पोलिसाचा बळी घेतला. दोन दिवसांनी, १८ ऑक्टोबरला, संरक्षणमंत्री पॅडी डोनेगन मलिंगारच्या लष्करी छावणीत नव्या स्वयंपाकघराच्या उद्घाटनाला गेले. तिथे भाषणात त्यांनी राष्ट्राध्यक्षांना 'थंडरिंग डिसग्रेस' म्हटलं. मराठीत 'देशाला काळिमा' म्हणा हवं तर. वर जोडलं की सैन्याने राज्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे. म्हणजे राष्ट्राध्यक्ष उभे नाहीत, असा अर्थ ऐकणाऱ्याने काढायचा. आणि समोर बसलेले अधिकारी! आयर्लंडमध्ये सैन्याचे सरसेनापती राष्ट्राध्यक्षच असतात, अधिकाऱ्यांच्या नेमणुकीवर सही त्यांची असते. शिवीपेक्षा ही जागा मला जास्त गंभीर वाटते.

डोनेगननी माफी मागितली, राजीनामाही देऊ केला. कॉस्ग्रेव्हनी तो घेतला नाही. २१ तारखेला संसदेत डोनेगनना हटवण्याचा प्रस्ताव ६३ विरुद्ध ५८ मतांनी पडला. दुसऱ्या दिवशी ओ दालींनी पद सोडलं. स्वतःची सचोटी आणि पदाचं स्वातंत्र्य राखण्याचा हाच एक मार्ग उरला आहे, अशा अर्थाचं त्यांचं निवेदन होतं. त्यांनी थांबून राहायला हवं होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण थांबले असते, तर विधेयकाबद्दल प्रश्न विचारला की मंत्र्याने सैनिकांसमोर वाट्टेल ते बोलावं, आणि संसदेने ते चालवून घ्यावं, हा पायंडा पडला असता. रागाने निघून गेलेला माणूस इतका हिशेब करत नाही.

पुढच्या निवडणुकीत कॉस्ग्रेव्ह सरकार पडलं. ओ दाली मार्च १९७८ मध्ये स्नीमला वारले. सात दिवसांच्या कोठडीची तरतूद १९७७ मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा लागू केली गेली नाही. आणीबाणीचा ठराव मात्र १९९५ पर्यंत कागदावर तसाच होता.