हूण राजे आणि महाराष्ट्रातील धम्म : एका समजुतीची तपासणी

भारतातून बौद्ध धम्माचा लोप कसा झाला, हा प्रश्न आपल्या अभ्यासवर्गांतून निघाला की उत्तरादाखल हूणांचे नाव हटकून घेतले जाते. मिहिरकुलाने विहार उद्ध्वस्त केले, भिक्खूंची कत्तल केली आणि धम्म नाहीसा झाला, अशी ही मांडणी असते. तिच्यात सत्याचा अंश आहे. परंतु नाशिक, वणी, वेरूळ, कान्हेरी या आपल्या भूमीला ती लागू पडते काय, हे कोरीव लेख, ताम्रपट व प्रवासवृत्ते यांच्या आधारे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हूण हे नाव उच्चारताच युरोपात धुमाकूळ घालणारा अटिला आठवतो. त्याचा मृत्यू इ. स. ४५३ मध्ये झाला. भारतात आलेले हूण हा मध्य आशियातून उतरलेला निराळा समूह होय. त्यांच्या नाण्यांवरून अभ्यासक त्यांना अल्खान हूण म्हणतात. स्कंदगुप्ताने हूणांशी केलेल्या युद्धाचा उल्लेख भितरीच्या स्तंभलेखात आहे. पुढे पाचव्या शतकाच्या अखेरीस गुप्तांची सत्ता खिळखिळी होताच तोरमाण हा हूण राजा माळव्यापर्यंत पोहोचला. मध्य प्रदेशातील एरण येथील वराहमूर्तीवर त्याच्या पहिल्या राज्यवर्षाचा लेख आहे. गुजरातेत संजेली येथे सापडलेल्या ताम्रपटांवरून त्याची सत्ता तेथवर मानली जात होती, हे कळते. त्याच्या दक्षिणेस, तापी ओलांडून सह्याद्रीत हूणांचा अंमल होता असे दर्शविणारा एकही लेख उपलब्ध नाही.

तोरमाणाला सरसकट धम्मद्वेष्टा ठरविणे कठीण आहे. पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेत कुरा येथे एक शिलालेख मिळाला. त्यात चातुर्दिश भिक्षुसंघासाठी विहार बांधल्याची नोंद असून तो महीशासक आचार्यांना अर्पण केला आहे. दात्याने या दानाच्या पुण्यात ‘महाराज तोरमाण षाही जऊव्ल’ याला, त्याच्या राण्यांना व राजपुत्रांना सहभागी करून घेतले आहे. हा तोरमाण व एरणचा तोरमाण एकच, असे सर्वच विद्वान मानत नाहीत. तथापि तो हूण कुळातील राजा आहे, याविषयी फारसे दुमत नाही. दीपवंस व महावंस यांच्या परंपरेप्रमाणे महिंसासक हा थेरवादातूनच निघालेला निकाय होय. म्हणजे आपल्या थेरवादाचा हा निकटचा आप्त हूण राजाच्या छत्राखाली नांदत होता. अफगाणिस्तानातून आलेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक ताम्रलेख तर आणखी पुढे जातो. स्तूपाच्या दानात सहभागी झालेल्यांत त्याने खिंगिल, तोरमाण, मेहमा व जावुख या हूण राजांची नावे दिली आहेत.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कौशाम्बीच्या घोषिताराम विहाराच्या उत्खननात तोरमाणाचे नाव असलेली व ‘हूणराज’ अशी अक्षरे असलेली मुद्रा मिळाली. तेथील विध्वंसाचा दोष उत्खननकर्ते गो. रा. शर्मा यांनी हूणांवर ठेवला. तोरमाणाचा पुत्र मिहिरकुल याच्याविषयी तर पुरावा अधिक कठोर आहे. तो शिवभक्त होता. त्याच्या नाण्यांवर नंदी व ‘जयतु वृष’ अशी अक्षरे आहेत. त्याने संघाचा उच्छेद करण्याची आज्ञा दिली व गंधारात १६०० स्तूप आणि संघाराम पाडले, असे ह्युएनत्संग लिहितो. कल्हणानेही राजतरंगिणीत त्याच्या क्रौर्याचे वर्णन केले असून त्याने गंधारच्या ब्राह्मणांना अग्रहार दिल्याचे नमूद केले आहे. अखेर माळव्याच्या यशोधर्म्याने त्याला नमविले. मंदसोरजवळच्या सोंदणी येथील स्तंभलेख त्याची साक्ष देतो. ही घटना इ. स. ५३० च्या आसपासची आहे.

आता महाराष्ट्राकडे वळू. ज्या ह्युएनत्संगाने मिहिरकुलाच्या विध्वंसाची कथा नोंदवली, तोच इ. स. ६४१ च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला. मिहिरकुलाच्या पराभवाला तेव्हा शंभर वर्षे लोटली होती. महाराष्ट्रात शंभरावर संघाराम व सुमारे ५००० भिक्खू असल्याचे तो सांगतो. वेरूळची बारा बौद्ध लेणी सहाव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकापर्यंत, म्हणजे हूणांच्या नंतर, कोरली गेली. कान्हेरीला नवव्या शतकातही दाने मिळत होती. सारांश, हूणांच्या तलवारीने आपल्याकडचा धम्म मारला गेला नाही.

परकी राजा आला म्हणजे धम्म बुडतो, हे गृहीतकही नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर टिकत नाही. क्षहरात नहपान हा शक, म्हणजे परकाच. त्याचा जावई उषवदात याने तेथे लेणे कोरविले आणि ३००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २००० च्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळत. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा नाश केला. परंतु उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत त्याने त्याच डोंगरावरील श्रमणांना दिले. राजे लढले, राज्य पालटले, दान मात्र खंडित झाले नाही.

मग पालटले काय? याचे उत्तर वणीच्या परिसरातच मिळते. सप्तशृंगीच्या पलीकडे अभोणे येथे कलचुरी शंकरगणाचा इ. स. ५९७ चा ताम्रपट मिळाला. कलचुरी स्वतःला परममाहेश्वर म्हणवीत. दान आहे ब्राह्मणाला. खुद्द वणीला मिळालेला राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाचा ताम्रपट शक ७३० चा, म्हणजे नवव्या शतकाच्या आरंभीचा आहे. तो मयूरखंडी येथून दिला गेला. वणीजवळचा मार्कंड्या डोंगर म्हणजेच मयूरखंडी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यात नाशिक देशातील एक गाव ब्राह्मणाला दिले आहे. उषवदातानेही ब्राह्मणांना गावे व गायी दिल्या होत्या, हे येथे लक्षात ठेवावे. पण त्याच्या काळी दानाचे दोन प्रवाह होते आणि विणकरांची श्रेणी विहाराची विश्वस्त होती. पुढील शतकांत राजदानाचा ओघ अग्रहार व देवालये यांच्याकडे अधिकाधिक वळला. जमीन आणि तिचा महसूल तिकडे गेला. व्यापारी व कारागीर श्रेणींचा जुना आधार क्षीण झाला. त्रिरश्मीवरील दिवे कोणी एका रात्रीत फुंकून विझविले नाहीत, त्यांना तेल घालणारे हात कमी होत गेले.

हूणांवर सारा दोष ढकलणे सोयीचे असते, कारण आक्रमक बाहेरचा ठरला की घरातील व्यवस्थेची चौकशी करावी लागत नाही. मिहिरकुलाचा अपराध त्याच्या पदरी ठेवावाच. परंतु गंधारचा निकाल नाशिकला लावू नये. आपल्या भागातील ऱ्हासाचा इतिहास लिहावयाचा तर गावोगावचे ताम्रपट वाचून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, याचा हिशेब मांडावा लागेल. आणि आज विहार उभारणाऱ्या उपासक-उपासिकांनी त्रिरश्मीवरील विणकरांची ती ठेव विसरू नये. राजा कोणत्या कुळाचा होता यापेक्षा भिक्खूच्या चीवराची व्यवस्था कोण करीत होते, यावर विहाराचे आयुष्य अवलंबून होते.