गड आणि नदी यांमधील गडहिंग्लज

आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी हिरण्यकेशी नदी सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस घेऊन आजऱ्यावरून पूर्वेकडे वाहते आणि पुढे संकेश्वरावरून जाऊन घटप्रभेला मिळते. तिच्या काठी, कोल्हापूर आणि बेळगाव या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध, गडहिंग्लज वसले आहे. पश्चिमेकडील भाताचा पावसाळी मुलूख इथे संपत येतो आणि ज्वारी, भुईमूग, मिरची पिकवणारे पूर्वेकडील पठार सुरू होते. दोन्हीकडचा माल एकत्र येण्यास ही जागा स्वभावतःच सोयीची होती. तरीही या गावाची पूर्वकथा नदीकाठी सुरू होत नाही. ती सुमारे दहा किलोमीटरवरील सामानगडावर सुरू होते.

हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकात बांधला असे मानले जाते. आकाराने तो मोठा नाही, पण खडकात खोल खोदलेल्या विहिरी, विशेषतः सात कमानींखालून पायऱ्यांनी उतरत जाणारी विहीर, पाहिल्यावर इथे शिबंदी बारमाही राहत असे याविषयी शंका उरत नाही. शिवकाळात या टापूचे महत्त्व वाढले. सरनौबत प्रतापराव गुजर बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी धारातीर्थी पडले, ती नेसरीची खिंड आजच्या गडहिंग्लज तालुक्यातच आहे.

मात्र सामानगडाच्या इतिहासातील सर्वांत बोलके वर्ष १८४४ हे आहे, आणि त्याला मिळावयास हवे तेवढे स्थान अजून मिळालेले नाही. कोल्हापूरचे छत्रपती तेव्हा अल्पवयीन होते आणि इंग्रजांनी नेमलेले कारभारी दाजी कृष्ण पंडित राज्याची घडी नव्याने बसवू पाहत होते. गडकरी, म्हणजे किल्ल्याच्या राखणीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या इनाम जमिनी खाणारी शिबंदी, आजवर स्वतःच्या जमिनींचा कारभार स्वतःच पाहत असे. त्या जमिनी मामलेदाराच्या देखरेखीखाली आणण्याचा हुकूम निघाला, तेव्हा चाकरी आणि जमीन दोन्ही हातची जाणार हे ओळखून सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे बंद केले. बेळगावहून इंग्रज फौज आली. १३ ऑक्टोबर १८४४ रोजी किल्ला हल्ला करून घेण्यात आला, पण तोवर भुदरगडही उठला होता आणि असंतोष थेट कोल्हापूर शहरापर्यंत पोहोचला होता. कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी तर बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर ठेवला होता. डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा पडला आणि उठाव मोडला. या लोकांना केवळ जुन्या व्यवस्थेचे हट्टी रखवालदार म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्या इनामावर त्यांचे घर चालत होते ते काढून घेताना त्यांना विश्वासात घेण्याची गरज कोणालाही वाटली नव्हती.

उठावानंतर इंग्रजांनी या किल्ल्यांची तटबंदी पाडली. डोंगरावरची सत्ता संपली, आणि पुढील काळात या भागाचे केंद्र म्हणून नदीकाठचे बाजाराचे गाव पुढे आले. गुळाच्या जोडीला गडहिंग्लजचा बाजार नावारूपाला आणला तो संकेश्वरी मिरचीने. लांब, पातळ सालीची ही जवारी, म्हणजे देशी, मिरची मसाल्यासाठी अजूनही मुद्दाम शोधली जाते आणि तिला भावही चढा मिळतो.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला, तर बेळगाव आणि संकेश्वर म्हैसूर राज्यात गेले. मिरचीला जिचे नाव आहे ती पेठ अशा रीतीने परराज्यात गेली, तरी दोन्ही बाजूंचे सोयरसंबंध आणि मराठी-कन्नड अशी दुहेरी बोलचाल कायम राहिली. आजरा आणि चंदगडच्या लोकांचे शिक्षण, दवाखाना आणि सरकारी काम यांसाठी गडहिंग्लजला येणे मात्र वाढत गेले.

नदीचा उपयोगही बदलला. हिरण्यकेशीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले; यांत पावसाळा सरल्यावर खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसापूर्वी ते काढून पात्र मोकळे करतात. आजरा तालुक्यातील चित्री धरणाचे पाणी नदीत सोडले जाऊ लागल्यापासून हे बंधारे उन्हाळ्यातही भरता येतात, आणि काठच्या शिवारात ऊस मिरचीला मागे सारत पसरत गेला आहे.