मोटारसायकलवरची वीज : ठिणगीपासून मोबाइलपर्यंत

१/ आज मोटारसायकलच्या हँडलवर मोबाइल सहज चार्ज होतो. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक मोटारसायकलींवर दिव्यापुरतीही वीज नव्हती.

२/ मॅग्नेटो हे यंत्र बॅटरीवाचून इंजिनाला ठिणगी पुरवी. रात्री साथ असे ती कार्बाइडच्या दिव्याची. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की ॲसिटिलीन वायू निर्माण होई आणि त्याच्या ज्योतीत रस्ता दिसे.

३/ १९२० च्या दशकात ब्रिटनच्या लुकास कंपनीचा ‘मॅगडायनो’ आला. ठिणगीचा मॅग्नेटो आणि दिव्याचा डायनॅमो त्यात एकत्र जोडलेले होते. सोबत ६ व्होल्टची बॅटरी रुळली.

४/ पुढे डायनॅमोची जागा अल्टरनेटरने घेतली आणि ६ व्होल्टचे १२ व्होल्ट झाले. व्होल्ट दुप्पट झाले की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो आणि त्याच तारांतील ऊर्जानाश चतुर्थांशावर येतो.

५/ १९९६ मध्ये संगणकासाठी यूएसबी अवतरले. त्याचा मूळ दाब ५ व्होल्ट. म्हणून दुचाकीवरील चार्जर आधी १२ चे ५ करतो.

६/ परंतु सोयीची किंमत असते. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपही विजेवर चालतो. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास चार्जिंग केले आणि बॅटरी उतरली, तर गाडी जागीच खिळते. मॅग्नेटोच्या काळातील स्वाराला अंधाराचे भय होते, उतरलेल्या बॅटरीचे नव्हते.